गोव्यात सॉरडोसाठी चांगलं स्टार्टर कुठून मिळवावं आणि कसं पारखावं?

पर्वरीकरीण

नमस्कार मंडळी. यीस्ट घालून पाव, बन, फोकाचा हे सगळं घरी नीट जमतं. आता सॉरडो, म्हणजे विकतचं यीस्ट न घालता आंबवलेल्या पिठाचा ब्रेड, शिकायचा आहे, आणि गाडी स्टार्टरपाशी अडली आहे.

नेटवर पाहिलं तर डोकं गरगरतं. कुणी 'दीडशे वर्षं जुनं' म्हणून विकतंय, कुणी 'अस्सल सॅन फ्रान्सिस्को' म्हणून. एका ठिकाणाहून ओलं स्टार्टर मागवलं, तर पाकीट आलं तेच चिकट होऊन. वाटेतच बाटलीचं झाकण उडालं होतं, आणि तळाशी उरलेल्या चमचाभराला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येत होता. ते जगेल का, वापरू का, काही कळेना.

माझे प्रश्न असे. जुन्या किंवा परदेशी स्टार्टरला जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे का? ओळखीतून घ्यायचं तर समोरच्याला काय विचारायचं? आणि इथल्या उकाड्यात, दमट हवेत ते टिकतं का? माझ्याकडे साधा ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) आहे, काटा आहे आणि हौस भरपूर आहे.

आंबेमोहोर

घरीच करा, ताई. कणीक, पाणी आणि आठवडाभर धीर. विकत कशाला घ्यायचं?

जीवाणूमित्र

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्टार्टर म्हणजे पीठ आणि पाण्यात एकत्र नांदणारे यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू. यीस्ट वायू सोडतं, त्यानं पीठ फुगतं. वायू काही जीवाणूही सोडतात, पण त्यांचं मुख्य काम आंबटपणा आणि चव. ही मंडळी मुख्यतः पिठातून येतात, काही करणाऱ्याच्या हातावरून आणि स्वयंपाकघरातून. हवेतून 'पकडली' जातात हा समज फार पसरलाय, पण हवेचा वाटा थोडा असतो.

सॅन फ्रान्सिस्कोबद्दल. 1971 साली क्लाइन आणि सुगिहारा या अमेरिकी संशोधकांनी तिथल्या ब्रेडमधल्या जीवाणूचं वर्णन केलं आणि शहराचंच नाव त्याला मिळालं. पण पुढे तोच जीवाणू युरोपातल्या कितीतरी स्टार्टरमध्ये सापडला. म्हणजे तो त्या शहराची मक्तेदारी कधीच नव्हता. 2021 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात चार खंडांतली 500 घरगुती स्टार्टरं तपासली होती. कुठल्या देशातलं आहे यावरून आत कोण राहतं हे फारसं सांगता येत नाही, असं त्यात दिसलं. वयाचाही प्रभाव थोडाच निघाला.

आणखी एक सुंदर प्रयोग आहे. बेल्जियममधल्या सेंट विथ गावी जगभरच्या स्टार्टरचं एक संग्रहालय आहे, 2013 मध्ये सुरू झालेलं. वेगवेगळ्या देशांतल्या 15 बेकरांना एकाच प्रकारचं पीठ देऊन आपापल्या घरी स्टार्टर करायला सांगितलं, मग सगळ्यांना तिथे बोलावलं. त्यांच्या हातांवरचे जीवाणूही तपासले, तर सामान्य माणसाच्या हातावर सापडतात त्यापेक्षा लॅक्टिक जीवाणू त्यांच्या तळव्यांवर कितीतरी जास्त. रोज पीठ मळणाऱ्याचे हात आणि त्याचं स्टार्टर हळूहळू एकमेकांसारखे होत जातात. मला हे वाचून फार आनंद झाला होता.

तेव्हा 'दीडशे वर्षं जुनं' या शब्दांना पैसे मोजू नका. तुम्ही आपलं पीठ, आपलं पाणी, आपली उष्णता दिलीत की काही आठवड्यांत आतली वस्ती तुमच्या घराला रुळते. जुन्या स्टार्टरची गोष्ट आवडत असेल तर ते वेगळं. अमेरिकेत कार्ल ग्रिफिथ नावाच्या गृहस्थांच्या घरी 1847 पासून चालत आलेलं एक स्टार्टर होतं. ते ते लोकांना टपालानं फुकट पाठवायचे. 2000 साली ते गेले, पण त्यांच्या स्नेह्यांनी वाटप चालू ठेवलं. अशा वारशाबद्दल मला आदर आहे, फक्त त्यानं तुमचा ब्रेड जास्त फुगेल असं नाही.

कुळागर

जीवाणूमित्रांशी शंभर टक्के सहमत. आता व्यवहाराचं बोलते. फोंड्याला घरी ब्रेड करते, ओळखीच्यांना स्टार्टर देत असते, त्यामुळे कुठलं टिकतं आणि कुठलं नाही हे बरंच पाहिलंय.

पर्वरीकरीण, माझं ठाम मत: पहिलं स्टार्टर जवळपास राहणाऱ्या, नेमानं ब्रेड भाजणाऱ्या माणसाकडून घ्या. विरजण शेजारणीकडून आणतो ना, तसंच. ते इथल्या उकाड्यात वाढलेलं असतं, बहुधा तुम्हाला मिळतं तेच पीठ खाऊन वाढलेलं असतं, आणि अडलात तर विचारायला माणूस असतो. हे तिसरं सगळ्यात मोलाचं.

घेताना आधी विचारा, शेवटचा ब्रेड कधी केला? फ्रीजमध्ये महिनोन् महिने पडलेलं स्टार्टर मरत नाही सहसा, पण त्याला जागं करण्यात नवशिक्याचा धीर सुटतो. मग विचारा, कुठल्या पिठावर आहे? मैदा, कणीक, राय, मिश्र? पीठ बदललं की त्याला चार-पाच वेळा खायला घालेपर्यंत ते नाराज असतं, आणि आपल्याला वाटतं स्टार्टरच खराब दिलं. आणि तिसरं, किती प्रमाणात खायला घालता आणि किती तासांत दुप्पट होतं? ज्याला आपलं स्टार्टर माहीत आहे तो पटकन सांगेल. 'असंच अंदाजानं घालतो' असं उत्तर आलं तरी घ्या, पण घरी आणून स्वतः पारखा.

पारखायचं कसं ते सांगते. सरळ भिंतींची काचेची बरणी घ्या. 20 ग्रॅम स्टार्टर, 20 ग्रॅम पाणी, 20 ग्रॅम पीठ. चांगलं कालवून काठ पुसून घ्या आणि वरच्या पातळीला रबरबँड लावा. आपल्याकडे ओट्यावर 30 अंशांच्या आसपास तापमान असतं, त्यात तब्येतीनं ठीक असलेलं स्टार्टर तीन-चार तासांत दुप्पट होतं. नुसती उंची बघू नका, बरणीच्या बाजूनं बघा. लहानमोठे बुडबुडे तळापासून वरपर्यंत सारखे पसरलेले हवेत. वरचा पृष्ठभाग आधी घुमटासारखा असतो, मग सपाट होतो, मग मधोमध किंचित खचतो आणि काचेवर वर गेल्याची रेघ राहते. घुमट सपाट व्हायला लागला की ते ब्रेडमध्ये घालायची वेळ. चमच्यानं बाजूला ओढलंत तर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात आणि आतला वास ताज्या दह्याचा, थोडा पिकल्या फळाचा येतो.

नेलपॉलिशचा वास म्हणजे भुकेलेलं स्टार्टर, मेलेलं नाही. वर काळपट पाणी साचलं तर तेही भुकेचंच लक्षण, ओतून टाका किंवा ढवळा आणि खायला घाला. तुमच्या पाकिटातलं ते चमचाभर मात्र मी ठेवणार नाही. झाकण उडून वाटेत कशाकशाला लागलं असेल कोण जाणे. आणि गुलाबी, केशरी रेघ किंवा कापसासारखी बुरशी दिसली तर कुठल्याही स्टार्टरचा मोह धरू नका. वरचं काढून खालचं वापरू असंही नको. सगळं फेका.

साखळीकर

वाचनखूण साठवली. तंतूंचं सांगितलंत ते फार उपयोगी, हे कुठल्याच व्हिडिओत नीट दाखवत नाहीत.

आंबेमोहोर

कुळागर, तुमचं पटतंय, पण घरी करण्यात जे कळतं ते आयतं घेऊन कळत नाही. माझ्या मते दोन्ही करावं. घरी करणाऱ्यांसाठी एक सूचना: दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते धबाधबा फुगतं, लोक खूश होतात आणि लगेच ब्रेड करायला घेतात. मग चौथ्या दिवशी सगळं गप्प. बहुतेक जण इथेच टाकून देतात. टाकू नका!

जीवाणूमित्र

आंबेमोहोर, हे लिहिलंत ते फार बरं झालं. तो पहिला उसळा यीस्टचा नसतोच. पिठातले दुसरे जीवाणू, त्यात ल्यूकोनॉस्टॉक जातीचे बरेच, आधी वाढतात आणि वायू सोडतात. वासही तेव्हा वाईट असतो, सडक्या चीजसारखा. आंबटपणा वाढला की ते स्वतःच मागे पडतात, मधे शांतता येते आणि मग आम्ल सहन करणारं यीस्ट आणि लॅक्टोबॅसिलस पुढे येतात. ब्रेडच्या अभ्यासक डेब्रा विंक यांनी हे नीट तपासून एक उपाय सुचवला होता: पहिले काही दिवस पाण्याऐवजी अननसाचा रस. रस आंबट असल्यामुळे त्या पहिल्या मंडळींना वावच मिळत नाही. इथे अननसाला तोटा नाही, करून बघा. साखर घातलेला डब्यातला रस नको, फळ पिळून गाळून घ्या.

गिरणीतून ताजी दळून आणलेली, कोंड्यासकट कणीक यासाठी उत्तम. सूक्ष्मजीव आणि खनिजं कोंड्याकडेच जास्त असतात. नाचणीचं पीठ थोडं मिसळलं तरी चालतं. नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघड्या भांड्यात ठेवा, क्लोरीनचा वास जाईपर्यंत. पर्वरीला, म्हापशाला अस्नोड्याचं पाणी येतं, फोंडा-पणजीला ओपाचं. पावसाळ्यात कधीकधी वास जास्त जाणवतो. विहिरीचं पाणी असेल तर उकळून गार करून वापरा.

मडगांवकार

एक वेगळा विचार मांडतो. आपल्या गोव्यात आंबवलेल्या पावाची परंपरा असताना स्टार्टर अमेरिकेतून मागवायचं कशाला? सासष्टीत, माजोर्ड्याच्या बाजूला, पोर्तुगीज पाद्र्यांनी पाव करायला शिकवलं असं पिढ्यान् पिढ्या सांगतात. यीस्ट तेव्हा कुठे मिळणार? पोदेर, म्हणजे पाव करणारे, माडाची सुर (माडातून काढलेला, आंबणारा रस) घालून पीठ फुगवायचे. उंडो, पोई, काकणां, सगळं त्यावरच. सान्नांना (तांदळाच्या इडलीसारख्या) आजही काही घरांत सुरच लागते. मग सुरेपासून स्टार्टर केलं तर?

पर्वरीकरीण

मडगांवकार, किती छान कल्पना! आमच्याकडे सकाळी सायकलवरून पोई येते, तीसुद्धा सॉरडोच समजायची का मग?

मडगांवकार

आजची बहुतेक पोई बाजारच्या यीस्टवर होते, त्यामुळे नाही. लाकडाची भट्टी काही ठिकाणी अजून आहे, कोंडाही वर लावतात, पण सुर घालणारे पोदेर आता शोधावे लागतात. सुर काढणारे रेंदेरच कमी झालेत. माडावर चढायला नवी मुलं येत नाहीत, त्यांना दोष तरी कसा द्यायचा? पोई खात राहा, पोदेराला टिकवा, एवढं मात्र मनापासून सांगतो.

जीवाणूमित्र

सुरेपासून नक्की करता येतं. ताज्या सुरेत यीस्ट असतं, लॅक्टिक जीवाणू असतात आणि साखरेवर झपाट्यानं वाढणारा झायमोमोनास नावाचा जीवाणूही असतो. पाण्याऐवजी सुर घालून कणीक कालवली तर उकाड्यात काही तासांत फुगते. सकाळी काढलेलीच घ्या. दुपारनंतर ती आंबट होत जाते आणि पुढे तिचा व्हिनेगर होतो, आपल्याकडे घराघरांत होतोच.

एवढं लक्षात ठेवा, की नंतर तुम्ही नुसतं पीठपाणी घालत राहिलात तर सुरेची वस्ती कमी होत जाऊन पिठातली वाढते. सुरेचा तो खास गोडसर वास टिकवायचा असेल तर दर वेळी ताजी सुर लागणार. म्हणजे ती स्टार्टर म्हणून सांभाळण्यापेक्षा प्रत्येक घाण्याला नव्यानं घालायची वस्तू आहे. जुने पोदेर ती रोज ताजी आणायचे.

रानजाई

मी बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. माझ्या सासूबाईंना गव्हाचा त्रास आहे. डॉक्टरांनी सिलिअॅक सांगितलंय. सॉरडो पचतो असं ऐकलं, त्यांना देऊ का?

जीवाणूमित्र

नको, रानजाई. अजिबात नको. आंबवताना ग्लूटेनचा, म्हणजे सिलिअॅकवाल्यांना बाधणाऱ्या गव्हातल्या प्रथिनाचा, काही भाग मोडतो हे खरं, पण गव्हाच्या सॉरडोत सिलिअॅकच्या माणसाला अपाय होईल इतकं ग्लूटेन राहतंच. ज्यांना नुसतं जड वाटतं त्यांची गोष्ट वेगळी. सासूबाईंसाठी तांदूळ-उडदाची आंबोळी, सान्ना हे उत्तम. बाहेरून पीठ घेतलंत तर ते गव्हाच्या गिरणीत दळलेलं नाही ना, एवढं पाहा.

साखळीकर

माझा प्रश्न उकाड्याचा. स्टार्टर माझंही छान फुगतं, पण ब्रेडचं पीठ शेवटी पातळ होतं, हाताला चिकटतं, आकार धरत नाही. स्टार्टर बदलू का?

कुळागर

नका बदलू, दादा. एप्रिल-मेमध्ये मला सर्वाधिक येणारी तक्रार हीच. उष्णतेत जीवाणू यीस्टच्या पुढे धावतात, आंबटपणा लवकर चढतो, आणि आंबट पिठात ग्लूटेन तुटायला लागतं. परदेशी पाककृतीत 'रात्रभर ओट्यावर ठेवा' लिहिलेलं असतं ते त्यांच्या 20-21 अंशांसाठी. आपल्याकडे रात्रभरात त्याचं आंबील होईल.

उपाय स्टार्टरपासूनच सुरू होतात. 1:1:1 ऐवजी 1:5:5 घाला, म्हणजे 10 ग्रॅम स्टार्टरला 50 पाणी, 50 पीठ. पाणी फ्रीजमधलं. असं केलं की कळसाला यायला दुप्पट वेळ लागतो आणि आंबटपणाही विरळ होतो. त्याहून चांगलं म्हणजे घट्ट स्टार्टर ठेवा, पिठाच्या निम्मं पाणी, पोळीच्या कणकेपेक्षा थोडं घट्ट. इटलीत गोड ब्रेडसाठी असं घट्ट स्टार्टर ठेवतात, ते हळू चालतं आणि सौम्य राहतं. मला वाटतं गोव्यासाठी हाच प्रकार जास्त योग्य, आणि तो इतका कमी का सांगितला जातो याचं नवल वाटतं.

आणि ब्रेडचं पीठ मळल्यावर दुप्पट होण्याची वाट बघू नका. निम्म्यानं वाढलं की आकार द्या आणि फ्रीजमध्ये टाका. तुम्ही पीठ कुठलं वापरता?

साखळीकर

पूर्ण कणीक, चक्कीची.

कुळागर

मग आणखी एक कारण सापडलं. आपल्या चक्कीवर दळताना पिठातला स्टार्च जास्त मोडतो. असं पीठ पाणी भरपूर पितं, म्हणून पोळी मऊ होते. पण आंबवताना त्यातली साखर पटापट सुटते आणि सगळं वेगानं होतं. निम्मा मैदा मिसळून बघा. खपली गहू वापरणारे असतील तर त्यांनाही सांगते, चव अप्रतिम, पण त्याचं ग्लूटेन नाजूक, ब्रेड बसकाच होणार. तो साच्यात भाजावा.

आंबेमोहोर

मी स्टार्टरला मात्र पूर्ण कणीकच देते. मैद्यावर ते मलूल वाटतं मला.

कुळागर

वेगात कणीक पुढे हे मान्य. पण ते जितक्या वेगानं चढतं तितक्याच वेगानं खचतं, आणि नोकरी करणाऱ्या माणसाला ती वेळ गाठता येत नाही. मी तीन भाग मैदा, एक भाग कणीक देते. तुम्ही घरी असता, तुमचं जमतं. दोघींचे ब्रेड चांगले होतायत म्हणजे दोन्ही बरोबर!

रानजाई

सुकं स्टार्टर घ्यावं का? लहान पाकिटात पावडर मिळते.

जीवाणूमित्र

पाकिटामागचा मजकूर वाचा. 'ड्राय सॉरडो पावडर' म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं फक्त चवीसाठी असतं, आतले जीव वाळवताना मेलेले असतात. घटकांत यीस्ट वेगळं लिहिलेलं असेल तर समजा की फुगवण्याचं काम यीस्टच करणार आहे. खरं जिवंत सुकं स्टार्टर असेल तर पाण्यात भिजवून खायला घालून दोन-चार दिवसांत जागं होतं, आणि कुरियरनं यायचं असेल तर ओल्यापेक्षा तेच बरं. आपलं स्वतःचंही थोडं वाळवून ठेवावं. बेकिंग पेपरवर पातळ पसरून पंख्याखाली, कुरकुरीत झालं की चुरून हवाबंद डब्यात. हे काम जानेवारी-फेब्रुवारीत करा. जूननंतर आपल्या हवेत ते वाळतच नाही, वर बुरशी येते.

दर्यावर्दी

म्हापशाला राहतो. माझ्याकडे चालू स्टार्टर आहे, मैदा-कणीक मिश्र, आठवड्याला दोनदा ब्रेड होतो. पर्वरीकरीण, शुक्रवारी बाजाराला येत असाल तर घेऊन जा. बरणी तुमची आणा, अर्धी रिकामी ठेवू. झाकण सैल लावा, नाहीतर उन्हात गाडीत ठेवल्यावर पुन्हा तोच प्रकार. थंड पिशवी असेल तर आणा.

पर्वरीकरीण

दर्यावर्दी, देव बरें करूं! व्यक्तिगत निरोप पाठवते.

पर्वरीकरीण

धागा वर आणतेय. दर्यावर्दींकडचं स्टार्टर आणलं. कुळागरताईंनी सांगितल्याप्रमाणे रबरबँड लावून बघितलं. पहिल्या वेळी जरा सुस्त होतं, नंतर मात्र दुपारच्या जेवणाच्या आत घुमट सपाट व्हायला लागला, तंतूही दिसले. आता घट्ट करून ठेवलंय. पहिल्या ब्रेडला वरून छान तडा गेला, आत जाळी मध्यम पडली, चव मात्र घरात सगळ्यांना आवडली. ओटीजीत वाफेसाठी जाड बुडाच्या झाकणाच्या भांड्यातच भाजला.

आता एकच प्रश्न. चवथीला आम्ही आठ-दहा दिवस काणकोणला घरी जातो. स्टार्टरचं काय करू?

कुळागर

चवथीला माझंही तेच असतं, काळजी नको. निघायच्या दिवशी 10 ग्रॅम स्टार्टर, 50 ग्रॅम पीठ, 25 ग्रॅम पाणी असं घट्ट मळा. तासभरच बाहेर ठेवा, फुगायला लागण्याआधीच फ्रीजमध्ये मागच्या बाजूला ठेवा. बरणीचा काठ कोरडा पुसा, बुरशी काठापासूनच सुरू होते. वीज गेली तरी बंद फ्रीज काही तास गार राहतो, तेवढ्यानं काही होत नाही. परत आल्यावर मधला मऊ भाग तेवढा घ्या, वरची साल टाका, आणि दोनदा खायला घालून मग ब्रेड करा.

दर्यावर्दी

आणि बरणीवर चिठ्ठी लावा, पर्वरीकरीण. घरात साफसफाई करायला कुणी आलं तर खराब झालेलं पीठ समजून टाकून देतात. काही झालंच तर माझ्याकडचं आहेच, शुक्रवारी या.